टाळ कानाला का टोचतो: हॉलमधल्या स्टिरिओच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा, लातूर

नवा ॲम्प्लिफायर आणि उभ्या स्पीकरांची जोडी आज घरी आली. आईनं खोक्यांना हळदकुंकू वाहिलं, वर आपट्याची पानं ठेवली, मगच कात्री लावू दिली. जुना संच, म्हणजे कागदी कोनाचे स्पीकर आणि सुटे भाग जोडून केलेला ॲम्प्लिफायर, १९८९ पासून चालला. तो माळ्यावर ठेवताना जीव हलला. नव्या स्पीकरांत खालच्या, जड सुरांसाठी साडेसहा इंची दोन वूफर आहेत आणि वरच्या, बारीक सुरांसाठी एक इंची ॲल्युमिनियम डोमचा (घुमटीचा) ट्वीटर.

पहिल्यांदा काय लावायचं हे ठरलेलं होतं. आजोळी, औसा तालुक्यात, गेल्या वर्षीच्या हरिनाम सप्ताहात मी स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण. पारावर मांडी घालून बसलो होतो, रेकॉर्डर हातात, मामा टाळ घेऊन समोर सहा हातांवर. हे ध्वनिमुद्रण कसं वाजायला हवं ते मला पक्कं माहीत आहे, कारण तिथे मी होतो. विकतच्या रेकॉर्डबाबत असं कधीच म्हणता येत नाही.

पहिला मिनिटभर सुख वाटलं. पखवाजाची धुम, म्हणजे डावी बाजू, तिच्यावरची ओली कणीक, तिचा तो जड ओलसर आवाज जुन्या संचावर कधीच आला नव्हता. मग टाळ सुरू झाले आणि अंगावर काटा आला. तव्यावर पाणी पडावं तसा चर्र आवाज. दहा मिनिटांत डोकं भणाणलं. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बापू, कमी कर रे, कानाला टोचायलंय."

१४ ऑक्टोबर

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, नवे आहेत, शंभर तास वाजू द्या, मऊ होतील. वाजवतो. पण आधी मोजून ठेवतो, म्हणजे मऊ झाले की कानाला सवय झाली ते कळेल. मापनाचा माइक मित्राकडून आणलाय, संगणकावर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर. बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर माइक उभा केला आणि २० हर्ट्झपासून (सेकंदाला वीस कंपनं) २० किलोहर्ट्झपर्यंत सूर सरकवत नेला. मध्येच लाइट गेली. इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागला म्हणून तेवढं मापन टाकून दिलं.

आलेख: २ ते ५ किलोहर्ट्झचा पट्टा मधल्या स्वरांपेक्षा सरासरी चार डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) वर. माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, म्हणून चार डेसिबलसुद्धा फार. उलट १०० ते २५० हर्ट्झमध्ये खळगा. हा खळगा तेव्हा मी मनावर घेतला नाही.

२७ ऑक्टोबर

शंभराहून जास्त तास झाले. माइक त्याच खुणेवर ठेवून पुन्हा मोजलं. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या, केसाइतका फरक. निदान माझ्या स्पीकरांत तरी ट्वीटर काही मऊ झालेला नाही. पंधरा दिवस गेले.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

ट्वीटरच दाबून पाहू असं ठरवलं. स्पीकर उघडावे लागत नाहीत, कारण मागे जोडणीच्या दोन जोड्या आहेत, खालची वूफरची आणि वरची ट्वीटरची, मध्ये पितळी पट्टी. धन बाजूची पट्टी काढून तिथे २.२ ओहमचा, १० वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा तुकडा, लावला. ट्वीटर ८ ओहमचा धरला तर आवाज दोन डेसिबलनं उतरतो. रेझिस्टर स्वस्तात येतो आणि मन बदललं तर पट्टी परत लावता येते, म्हणून हा प्रयोग कुणीही करावा. फक्त ॲम्प्लिफायर बंद करूनच पट्टीला हात लावायचा आणि मोकळी टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत.

टोचणं कमी झालं, पण टाळ मेला. काशाच्या दोन वाट्या भेटल्यावर आधी टणत्कार होतो आणि मग लांब शेपटासारखी झणझण मागे राहते. ती झणझण गेली. उरला नुसता टक् टक्. आणि चर्रपणा? तो थोडा खाली गेला, गेला नाही. दोन तास ऐकलं आणि पट्टी परत लावली. टाळ मारून शांतता मिळवायची असती तर जुना संच काय वाईट होता.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आजची नोंद मोठी होणार.

मामा ओवाळून घ्यायला आले. मुक्काम नाही म्हणाले. कार्तिक चालू आहे, पहाटे काकड्याला उभं राहायचं असतं. दुपारी लातुरात कुणाकडे भजन होतं, म्हणून टाळ पिशवीतच होते. जेवण झाल्यावर मी त्यांना तेच ध्वनिमुद्रण ऐकवलं. दोन मिनिटं ऐकून त्यांनी मान हलवली.

"हा माझाच टाळ हाय का?"

"तुमचाच, मामा."

"मग असा का बोंबलायलाय?"

त्यांनी पिशवीतून टाळ काढले, दोरी बोटांना गुंडाळली आणि आमच्या हॉलच्या मधोमध उभं राहून वाजवले. चर्र! अगदी तेच. स्पीकर बंद, ॲम्प्लिफायर बंद, खरा टाळ, खरे मामा आणि तोच कर्कश आवाज. मी गप्पच झालो. मग त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं. तिथे उघड्यावर तोच टाळ गोड वाजला, आधी टणत्कार, मागे झणझण. पुन्हा खाली हॉलमध्ये: चर्र.

मामा म्हणाले, "टाळ तोच हाय बापू. घर येगळं हाय."

तीन आठवडे मी ट्वीटरला दोष देत बसलो होतो.

आजोळचं जुनं घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या हात-दीड हात जाड भिंती, वर सागवानी किलचन, त्यावर पाला आणि पांढऱ्या मातीचा थर, कोपऱ्यात ज्वारीची पोती. तिथे सगळी भजनं व्हायची आणि कुणाचे कान दुखल्याचं आठवत नाही. १९९३ च्या भूकंपात अशाच जड छपरांखाली माणसं गेली. त्यानंतर दादांनी माळवदाखाली झोपायचं सोडलं आणि लातुरात हे स्लॅबचं घर बांधलं. त्यांचं बरोबरच होतं. पण आवाजाच्या दृष्टीनं आम्ही मऊ घरातून कडक घरात आलो. हॉल १४ फूट बाय ११ फूट, उंची १० फूट. खाली घोटलेली शहाबादी, वर स्लॅब, भिंतींना ऑइलपेंट, एका बाजूला काचेच्या सरकत्या खिडक्या, समोर काचेचं शोकेस. आवाज शोषील असं या खोलीत आईचा सोफा सोडला तर काहीच नाही, आणि त्यावरही रेक्झिन.

जुन्या संचात हे का कळलं नाही? त्याच्या कागदी ट्वीटरमधून वरचे सूर मुळातच कमी निघायचे. खोलीला परतवायला काही मिळतच नव्हतं.

४ नोव्हेंबर

हॉलच्या मध्ये उभा राहून एकच टाळी वाजवली. मागून 'ट्रर्र' असा शेपूट आला, जाळीवरून काठी ओढावी तसा. समोरासमोरच्या दोन सपाट भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा मागे-पुढे जातो, त्याचा हा आवाज. आमच्या ११ फुटांच्या अंतरात जाऊन-येऊन साधारण २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला पन्नासेक फेऱ्या.

सॉफ्टवेअरमध्ये आवाज विरायचा वेळ पाहिला (६० डेसिबल उतरायला लागणारा). २ किलोहर्ट्झला ०.९५ सेकंद. एवढ्या खोलीत गाणं ऐकायला ०.४ ते ०.५ असावा. टाळाचा एक ठोका विरतोय न विरतोय तोच दुसरा पडतो, आणि सगळ्यांची झणझण एकमेकीत मिसळून तिचा चर्र होतो.

१० नोव्हेंबर

लेकीला सुट्टी होती. तिला हातात आरसा दिला आणि भिंतीला टेकवून हळूहळू सरकवायला सांगितलं. मी बसायच्या जागी. आरशात ज्या ठिकाणी ट्वीटर दिसतो, तिथूनच त्याचा पहिला पडसाद माझ्या कानावर येतो, कारण उजेड आणि हे बारीक सूर भिंतीवरून सारख्याच कोनात परततात. "दिसला बाबा?" "अजून नाही... थांब! हां." तिनं पेन्सिलनं फुल्या मारल्या. दोन्ही भिंतींवर प्रत्येक स्पीकरची एक, अशा चार. फरशीवरही असंच केलं. एकीकडची फुली नेमकी काचेवर आली.

मग घरातल्या गोधड्या काढल्या. दोरी बांधून फुल्यांवर टांगल्या. आई दारात येऊन बघत राहिली. "भिंतीला हिवाळा लागलाय का?" म्हणाली, पण स्वतःच्या अंथरुणातली जाड वाकळही आणून दिली.

टाळी: ट्रर्र जवळजवळ गेला. ध्वनिमुद्रण: टाळ दोन पावलं मागे सरकला, शब्द मोकळे झाले. डोळे भरून आले, खरं सांगतो.

मोजल्यावर मात्र एक खोट दिसली. ४ किलोहर्ट्झला विरायचा वेळ निम्म्यावर आला होता, पण ५०० हर्ट्झला जवळपास जसाच्या तसा. भिंतीला चिकटलेलं पातळ कापड फक्त अगदी वरचे सूर खातं. सूर जितका खाली तितकी त्याची लहर लांब: १० किलोहर्ट्झची साडेतीन सेंटिमीटरही नाही, १ किलोहर्ट्झची चौतीस सेंटिमीटर. लांब लहर धरायची तर जाडी हवी, किंवा भिंतीपासून अंतर हवं. भिंतभर पातळ पडदे किंवा अर्ध्या इंचाचा फोम लावला की नेमकं हेच होतं: वरून खोली मुकी, मधून भांड्यासारखी घुमणारी. हे करू नये.

२४ नोव्हेंबर

दोन आठवडे मोजमाप बंद होतं. गल्लीतून प्रचाराच्या रिक्षा. तो वेळ सुतारकामाला दिला.

आधी रुईचा विचार केला. आपल्या भागात कापसाला तोटा नाही आणि रुई आवाज चांगला शोषते. पण उभ्या चौकटीत ती खाली बसत जाते, उंदीर घर करतात आणि ठिणगी पडली तर भडकते. म्हणून रॉकवूल घेतली, कारखान्यांच्या बॉयलरच्या नळांना गुंडाळतात तीच. दोन इंच जाड, घनमीटरला ४८ किलोची. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. मी पहिल्या तुकड्याला उघड्या मनगटानं भिडलो, रात्रभर खाज सुटली.

चार फूट बाय दोन फुटांच्या सहा चौकटी. आत रॉकवूल, तिचे तंतू उडू नयेत म्हणून तिच्यावर पातळ न विणलेलं कापड, सगळ्यात वर बारदाना. बारदाना गंजगोलाईच्या बाजारातून आणला, कोरा, धान्य न भरलेला. निवडताना एकच परीक्षा: कापड ओठांशी धरून फुंकर मारायची. पलीकडच्या तळहाताला फुंकर लागली तर आवाजही आत जाईल. जाड पडद्याच्या कापडानं फुंकर अडवली, बारदान्यानं जणू काही मध्ये नाहीच अशी जाऊ दिली. शिवाय तो स्वस्त, आणि त्याचा तो आडतीच्या दुकानातला वास दोन दिवस उन्हात टाकल्यावर अगदी मंद राहतो. मला तर आवडतो.

चौकटी भिंतीपासून दोन इंच सुटून बसतील असे मागे लाकडी ठोकळे लावले. चार चौकटी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर फुल्यांच्या जागी (काचेपुढची पायांवर उभी, ऐकून झालं की सरकवता येते), दोन पाठीमागे. फरशीवर खाली घोंगडी, वर सतरंजी.

विरायचा वेळ: २ किलोहर्ट्झला ०.५२, ५०० हर्ट्झला ०.६१. ट्रर्र पूर्ण बंद.

८ डिसेंबर

ऑक्टोबरातला खळगा आज हातात घेतला. 'स्पीकर भिंतीपासून लांब ठेवा' या सल्ल्यानं मी ते मागच्या भिंतीपासून चार फुटांवर ठेवले होते. अंगठ्याएवढं-अंगठ्याएवढं मागे सरकवत, दर वेळी मोजत, शेवटी सव्वादोन फुटांवर आलो. १०० ते २५० हर्ट्झ अडीच डेसिबलनं वर आलं. ट्वीटरला कुणी हात लावला नाही, तरी टाळ आणखी सौम्य झाला. भाजीत तिखट जास्त झालं की आपण दाण्याचं कूट घालतो, तिखट काढून घेत नाही. कर्कशपणाची तक्रार असेल त्यानं खालचे सूर पुरेसे आहेत का हे आधी बघावं. हे मी दसऱ्यालाच करायला हवं होतं.

स्पीकरांची तोंडं सरळ कानावर रोखलेली होती. ती थोडी बाहेर वळवली, इतकी की बसल्या जागेवरून प्रत्येकाची आतली बाजू जराशी दिसावी. डोम ट्वीटरचे अगदी वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे असतात, झोताच्या बाजूला बसलं की उतरतात. १० किलोहर्ट्झच्या वर एक-दीड डेसिबल कमी.

३० डिसेंबर, येळवस (वेळा अमावास्या)

आज सगळं लातूर शेतात. सकाळी आठला गल्लीत एकही गाडी नाही. अशी शांतता वर्षात एकदाच मिळते, म्हणून आंबिलीचा माठ आणि भज्जीची पातेली गाडीत चढेपर्यंत शेवटचं मापन करून घेतलं.

२ ते ५ किलोहर्ट्झचा उंचवटा आता दीड डेसिबल. पितळी पट्टीच्या जागी या वेळी फक्त १ ओहमचा रेझिस्टर लावला, म्हणजे एक डेसिबल खाली. लावलेला आणि न लावलेला, दोन्हींचा एकूण आवाज मापून सारखा केला आणि मगच ऐकलं. जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, आणि त्यात भलेभले फसतात. १ ओहम राहू दिला. झणझण शाबूत आहे. बाहेर आई हाका मारायली, उंडे गार व्हायलेत म्हणून. मग शेतात.

१२ जानेवारी २०२५

फाइली आणि सीडी आता तासन् तास ऐकवतात. रेकॉर्डवर मात्र 'स' आणि 'श' थुंकल्यासारखे येत होते, आणि सगळ्यात जास्त आपला दंततालव्य 'च', चाफा, चूल, चांदणं यांतला. मराठी गाण्यात तो पावलोपावली येतो, म्हणून आपल्याला हा दोष लवकर कळतो.

सुई नवी, वजन दोन ग्रॅम, माहितीपत्रकात आहे तेवढंच. मग केबलवर संशय गेला. माझा कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई. त्याच्या तारेच्या गुंडाळीचं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आणि त्याला पुढच्या तारा-यंत्रांचा मिळून १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) हवा असतो. मल्टिमीटरनं जुनी केबल मोजली: २४०. प्रीॲम्पचे (सुईचा क्षीण आवाज वाढवणारी पेटी) १५०, टोनआर्मच्या (सुईचा दांडा) तारांचे साठेक. बेरीज ४५०. गुंडाळी आणि कपॅसिटन्स मिळून एका जागी कंप पावतात. ४५० ला ती जागा १० किलोहर्ट्झ, म्हणजे 'च' आणि 'स' यांच्या डोक्यावरच उंचवटा. अर्ध्या मीटरची केबल घेतली, ४५ पिकोची. प्रीॲम्पखालचं बटण ५० वर केलं. आता बेरीज १५५, आणि कंपाची जागा १७ किलोहर्ट्झच्या वर. 'च' आता नुसता 'च' आहे.

२६ जानेवारी

मामा आले. टाळ सोबत आणा असा निरोप आधीच दिला होता. हॉलमध्ये उभे राहून वाजवले. थोडा वेळ ते वाजवतच राहिले, मी थांबवलं नाही. आई आतून हात पुसत बाहेर आली.

मग सप्ताहाचं ध्वनिमुद्रण लावलं. मामांनी डोळे मिटले. बोटं मांडीवर चालली होती. तिसऱ्या मिनिटाला ती थबकली.

"मागं घे जरा."

मागे घेतलं.

"ऐक. उजवी वाटी दबून वाजायलीय. त्या दिशी माझ्या टाळाची दोरी ढिली झालती. दुसऱ्या दिशी सकाळी बदलली मी."

हे ध्वनिमुद्रण मी शंभरदा तरी ऐकलं असेल. मला ते कधीच कळलं नव्हतं. पुन्हा लावलं. तिसऱ्या मिनिटापासून, दर दुसऱ्या ठोक्याला, अगदी स्पष्ट ऐकू येतं.